हरवलेलं चिन्ह: अणुप्रकल्पांच्या स्ट्रक्चरल सॉफ्टवेअरमधली चूक कशी कळवायची

१३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामकाने, म्हणजे एनआरसीने, पाच अणुभट्ट्या बंद ठेवायचा आदेश काढला. पेनसिल्व्हेनियातली बीव्हर व्हॅली १, न्यूयॉर्क राज्यातली फिट्झपॅट्रिक, मेन यांकी, आणि व्हर्जिनियातल्या सरी १ व २. कुठे गळती नव्हती, कुठे आग नव्हती. पाइपांचा भूकंपाचा हिशोब करणारा एक संगणक प्रोग्रॅम बेरीज चुकीची करत होता, एवढंच कारण. पुढे पंधरवड्यात, २८ मार्चला, थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी मात्र आधीचं प्रकरण विसरू नये.

चूक काय होती ते बघा. आडव्या भूकंपाने पाइपाच्या एका जागी ८ एकक बल येतं, उभ्या भूकंपाने त्याच जागी, त्याच दिशेत ६ येतं. रिस्पॉन्स स्पेक्ट्रमच्या पद्धतीत, म्हणजे भूकंपाचा फक्त कमाल परिणाम काढणाऱ्या हिशोबात, या आकड्यांच्या मागच्या अधिक-उण्याला अर्थ नसतो, कारण दोन्ही धक्के नेमके कधी एकत्र येतील हे माहीत नसतं. म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं: १०. प्रोग्रॅमने साधी बीजगणिती बेरीज केली. चिन्हं उलटी पडली की ८ उणे ६, उत्तर २. दहाच्या जागी दोन, आणि कागदावर पाइप एकदम सुरक्षित. हे कळलं कसं? बीव्हर व्हॅलीतल्या काही पाइपांचा हिशोब दुसऱ्या प्रोग्रॅमवर केला आणि आकडे जुळेनात, तेव्हा. कुणीतरी 'मॉडेलमध्ये थोडा फरक असेल' म्हणून फाइल मिटवली नाही, म्हणून.

मी पुण्यात बसून गेली बरीच वर्षं अणुप्रकल्पांच्या इमारतींचं भूकंप-विश्लेषण करतो. कामं काही इथली, काही बाहेरच्या देशांतली. सॉफ्टवेअरमधली चूक सापडली तर पुढे काय करायचं, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि ऑफिसच्या प्रोसिजरमध्ये दीड पानात उरकलेलं असतं. इथे ते जरा ऐसपैस लिहितो.

कुठल्या चुकीबद्दल बोलतोय

प्रोग्रॅम मधेच बंद पडला, लायसन्स मिळालं नाही, स्क्रीनवर चित्र उलटं दिसलं, ही डोकेदुखी आहे, धोका नाही. धोका त्या चुकीचा, जिथे प्रोग्रॅम निमूटपणे चालतो, इशारा देत नाही, आणि पटण्यासारखा आकडा देतो. अॅन्सिससारख्या कंपन्या अशा चुकांना वेगळा वर्ग देऊन 'क्लास ३ एरर रिपोर्ट' काढतात. तुमच्या कंपनीत असे रिपोर्ट कुणाच्या मेलवर येतात हे आजच विचारून ठेवा. मी पाहिलेल्या एका ऑफिसात ते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर दोन वर्षं जात होते.

आता माझं उदाहरण. सहाशे मिलिमीटर जाडीची एक भिंत. कनिष्ठ सहकारी माझ्याकडे आला. "सर, बाहेरच्या फेसला सळई शून्य दाखवतंय. सगळ्या मजल्यांवर."

"किमान पोलाद तरी दाखवेल ना?"

"ते आपण वरून टाकतो. हिशोबाची शून्य."

एक मीटर रुंदीची पट्टी घेतली. वजनामुळे ६०० किलोन्यूटन दाब आणि ४० किलोन्यूटन-मीटर मोमेंट, म्हणजे भिंत वाकवणारा जोर. भूकंपाचं, वर्गमूळ काढल्यावर, अक्षीय बल ७०० आणि मोमेंट १२०. दोन्ही बिनचिन्हाचे, म्हणून जोड्या चार होतात: अधिक-अधिक, अधिक-उणे, उणे-अधिक, उणे-उणे. विश्लेषणाच्या आकड्यांवरून पोलाद ठरवणारा प्रोग्रॅमचा भाग, पोस्टप्रोसेसर, घेत होता दोनच: दोन्ही अधिक किंवा दोन्ही उणे. पहिलीत १०० ताण आणि १६० मोमेंट, म्हणजे आतल्या बाजूला पोलाद लागतं. दुसरीत १३०० दाब, पोलाद लागतच नाही. राहून गेलेली जोडी होती १०० ताण आणि उणे ८० मोमेंट. तिच्यात बाहेरच्या बाजूला निम्मा ताण ५० आणि मोमेंटचा ८० भागिले ०.४८ (दोन्ही बाजूंच्या सळ्यांमधलं अंतर, मीटरमध्ये), साधारण १६७. मिळून २१७ किलोन्यूटन. फे ५०० सळईला चौरस मिलिमीटरला ४३५ न्यूटन धरले तर सुमारे ५०० चौरस मिलिमीटर पोलाद. प्रोग्रॅम म्हणत होता शून्य. १९७९ सारखंच, हरवलं होतं एक चिन्ह.

आधी माउसवरचा हात काढा

संशय आला की पहिली ऊर्मी असते 'नवीन व्हर्जन टाकून बघू'. नको. त्या क्षणी मशीनवर जे आहे ते जसंच्या तसं बाजूला काढा: इनपुट फाइल, आउटपुट, लॉग, प्रोग्रॅमचं व्हर्जन आणि बिल्ड नंबर, लावलेले पॅच, विंडोज की लिनक्स, किती प्रोसेसरवर रन केलं, कुठला सॉल्व्हर. फाइलींचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा, काढून वहीत लिहा. प्रोसेसरची संख्या का, असं एकाने विचारलं होतं. कारण काही चुका चार प्रोसेसरवर दिसतात आणि एकावर दिसत नाहीत.

मग स्वतःवर संशय घ्या. माझ्या अनुभवात 'सॉफ्टवेअरची चूक' म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारी आपल्याच निघतात: युनिट, शेल घटकाचे (मॉडेलमध्ये भिंत ज्या सपाट तुकड्यांची बनते त्यांचे) लोकल अक्ष उलटे, मास दोनदा टाकलेलं, मोड, म्हणजे इमारतीच्या डोलण्याच्या तऱ्हा, पुरेसे न घेतल्यामुळे गळालेलं मास. मॅन्युअलमधलं गृहीतकांचं प्रकरण वाचा, तेही तुमच्या व्हर्जनचं. कंपनीची ज्ञात चुकांची यादी वाचा. हे सगळं एका दिवसात होतं. त्याहून जास्त लांबवू नका. का ते घड्याळाच्या भागात येईल.

मॉडेल लहान करा, आणखी लहान करा

चाळीस हजार घटकांचं मॉडेल पाठवलं तर समोरचा इंजिनिअर ते उघडणारसुद्धा नाही. आम्ही आधी एक मजला ठेवला, मग एक भिंत, मग तळाशी जखडलेली चार घटकांची पट्टी. प्रत्येक टप्प्यावर चूक अजून दिसते का ते पाहायचं. गायब झाली तर शेवटी जे काढलं त्यातच किल्ली आहे. चार घटकांवर हातचा हिशोब एका पानात बसतो आणि वाद संपतो.

लहान मॉडेलचा दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही. अणुप्रकल्पाची भूमिती, जाड्या, त्या जागेसाठी ठरवलेला भूकंपाचा साइट-स्पेक्ट्रम हे सगळं तुमच्या मालकीचं नसतं. अमेरिकी कामात अणुतंत्रज्ञान देशाबाहेर देण्यावर 'पार्ट ८१०' या सरकारी नियमाचे निर्बंध असतात. आपल्याकडेही अणुऊर्जेच्या माहितीवर कायद्याचं बंधन आहे. प्रकल्पाची फाइल सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्ट पोर्टलवर चढवली तर चूक कळवण्याच्या नादात भलतंच प्रकरण अंगावर येईल. चार घटकांच्या पट्टीत कुठल्याही प्रकल्पाचं गुपित नसतं.

दुसऱ्या प्रोग्रॅमवरही तीच पट्टी चालवा. दोघांचं मूळ एकच नाही ना हे बघून. स्ट्रक्चरल सॉफ्टवेअरमध्ये वंशावळी लांब असतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात जन्मलेल्या सॅप या प्रोग्रॅमची लेकरं-नातवंडं आजही वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. दोन चुलत भावांनी एकच उत्तर दिलं तर ती साक्ष कच्ची.

पत्रात काय लिहायचं

पत्र इंग्रजीत जाणार, पण आशय असा हवा. आमचं शीर्षकच लांबलचक होतं: "स्पेक्ट्रम लोडकेस असताना शेल-डिझाइन पोस्टप्रोसेसर अक्षीय बल व मोमेंट यांची फक्त समान चिन्हांची जोडी तपासतो, त्यामुळे पोलाद कमी येऊ शकतं." शीर्षकात कधी, काय आणि कुठल्या दिशेला, हे तिन्ही आलं पाहिजे. 'डिझाइन मॉड्यूलमध्ये समस्या' असं लिहिलेलं पत्र आठवडाभर कुणाच्याही टेबलावर पडून राहतं.

त्याखाली व्हर्जन आणि बिल्ड. मग चूक घडवायच्या पायऱ्या, कीबोर्डवर बोट ठेवून वाचता येतील अशा. मिळालेला आकडा, अपेक्षित आकडा, अपेक्षित आकड्याचं एक पान. चूक कुठल्या अटींत दिसते आणि कुठल्या अटींत दिसत नाही. हा भाग सगळ्यात मोलाचा असतो. आमच्याकडे टाइम-हिस्टरीत, म्हणजे भूकंप क्षणाक्षणाने चालवून केलेल्या हिशोबात, चूक नव्हती, कारण तिथे चिन्हं शाबूत असतात. स्पेक्ट्रमच्या हिशोबातच होती. हे एक वाक्य वाचून त्यांच्या प्रोग्रॅमरला कोडमधली जागा अर्ध्या तासात सापडली असावी. शेवटी तात्पुरता मार्ग: चारही जोड्या हाताने लोड-कॉम्बिनेशन म्हणून टाका.

आणि एक वाक्य टाळा: "आमच्या प्रकल्पावर परिणाम नाही." मी पहिल्या मसुद्यात ते लिहिलं होतं. खोटं नव्हतं. त्या भिंतीत किमान पोलाद म्हणून बाहेरच्या बाजूला १२ मिलिमीटरच्या सळ्या १५० अंतरावर होत्याच, म्हणजे मीटरला ७५४ चौरस मिलिमीटर, ३२८ किलोन्यूटन ताकद. हवे होते २१७. वाचलो.

आमच्या क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाच्या, मॅडमनी मसुदा परत पाठवला. "वाचलो हे तुम्ही कशाला सांगताय? चूक काय आहे ते सांगा. तुमचं नशीब त्यांच्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या कामाचं नाही."

त्यांचं बरोबर होतं. त्याच भिंतीत भूकंपाचा मोमेंट १२० च्या जागी २४० असता तर बाहेरच्या बाजूला ४६७ किलोन्यूटन लागले असते आणि त्या सळ्या पुरल्या नसत्या. कुणाच्या तरी मॉडेलमध्ये तो २४० असणारच. आपल्या प्रकल्पावरचा परिणाम वेगळ्या कागदावर, वेगळ्या माणसांसाठी लिहायचा.

एक पत्र पुरत नाही

इथे बहुतेक जण घसरतात. सपोर्टला मेल टाकला, तिकीट नंबर आला, काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात वाटा दोन आहेत आणि दोन्ही एकाच दिवशी सुरू व्हायला हव्यात.

पहिली वाट सॉफ्टवेअर कंपनीकडे. तिथेही साधा टेक्निकल सपोर्ट आणि क्यूएचा चूक-नोंद विभाग वेगळे असतात. मेलमध्ये स्पष्ट लिहा की हे अणुप्रकल्पाच्या सुरक्षा-संबंधित कामात वापरलं जातं आणि ही नोंद क्यूएच्या प्रक्रियेत घ्या. फोनवर बोललात तरी नंतर लेखी पाठवा.

दुसरी वाट आपल्या घरात: नॉन-कन्फर्मन्स रिपोर्ट, म्हणजे कामात चूक सापडल्याची अधिकृत नोंद, आणि तिथून ग्राहकाकडे. तो लिहिण्याआधी एक कागद शोधा, सॉफ्टवेअरची खरेदी ऑर्डर. अमेरिकी कामात सगळा कायदा त्या कागदाभोवती फिरतो. १९७४ च्या एनर्जी रिऑर्गनायझेशन अॅक्टच्या कलम २०६ वरून 'टेन सीएफआर पार्ट २१' हा नियम आला. सुरक्षेला लागणाऱ्या वस्तूत, आणि त्यात विश्लेषण व डिझाइनच्या सेवाही येतात, दोष सापडला तर नियामकाला कळवायचं, असं तो सांगतो. ऑर्डरवर पार्ट २१ लागू असल्याचं लिहिलं असेल तर कंपनीवर थेट जबाबदारी. नसेल, आणि बहुतेक वेळा नसतं, तर ते बाजारातून घेतलेलं साधं सॉफ्टवेअर झालं. ज्याने ते तपासून, चाचण्या घेऊन अणुकामासाठी 'डेडिकेट' केलं, जबाबदारी त्याची. म्हणजे कदाचित तुमच्याच ऑफिसची. हा प्रश्न चूक सापडल्यावर नाही, लायसन्स घेताना विचारायचा असतो.

घड्याळ

पार्ट २१ मधल्या मुदती पाठ करून ठेवा. विचलन, म्हणजे ठरलेल्या अटींपासूनचा फरक, कागदावर नोंदलं गेल्यापासून ६० दिवसांत त्याचं मूल्यमापन. तेवढ्यात होत नसेल तर ६० दिवसांच्या आतच एनआरसीला अंतरिम अहवाल. दोष ठरला की ५ कामाच्या दिवसांत कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याला सांगायचं. त्याला कळल्यापासून २ दिवसांत नियामकाला प्राथमिक सूचना, ३० दिवसांत लेखी अहवाल. पुरवठादाराला वस्तू कुठे आणि कशी वापरली जाते हेच ठाऊक नसेल, आणि सॉफ्टवेअरवाल्याला ते क्वचितच ठाऊक असतं, तर ज्यांनी वस्तू घेतली त्या सगळ्यांना ५ कामाच्या दिवसांत कळवायचं, म्हणजे ते स्वतः तपासतील. ग्राहकांची यादी दहा वर्षं ठेवायचा नियम यासाठीच आहे.

घड्याळ 'कागदावर नोंद झाल्यापासून' सुरू होतं, आणि यात एक पळवाट दिसते: नोंदच करायची नाही, तोंडी चर्चा चालू ठेवायची. 'अजून खात्री नाही, थांबू या.' ही वाट घेऊ नका. मेल, चॅट, मीटिंगच्या नोंदी सगळं पुढे ऑडिटमध्ये निघतं, आणि जाणूनबुजून न कळवणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याला व्यक्तिशः दंड होऊ शकतो. खात्री नसते म्हणूनच तर ६० दिवस दिलेत. चूक दाखवली म्हणून कर्मचाऱ्याला त्रास देणं त्याच कायद्याच्या कलम २११ खाली बेकायदा आहे. कर्मचारी थेट एनआरसीलाही लिहू शकतो.

हे अहवाल एनआरसीच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. नव्या मुलांना मी महिन्यातून एकदा चार-पाच वाचायला लावतो. लिहायचं कसं हे तिथे कळतं. कसं लिहू नये हेही.

आपल्याकडे नियामक म्हणजे एईआरबी, अणुऊर्जा नियामक मंडळ, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेलं, मुंबईत अणुशक्तीनगरला. तारापूर असो की इतर कुठलं केंद्र, सल्लागार कंपनीचं नातं प्रकल्पाच्या मालकाशी असतं, आणि नियामकाला उत्तर मालक देतो. म्हणून तुमचं पत्र मालकाच्या क्यूए विभागाकडे, करारातल्या पत्त्यावर. ओळखीच्या साहेबांना व्हॉट्सअॅप करणं म्हणजे कळवणं नव्हे.

किती खोल गेलंय?

पत्रं गेली, आता खरं कष्टाचं काम. हे व्हर्जन कधीपासून वापरतोय? कुठकुठल्या हिशोबात? त्यातल्या कुठल्या हिशोबात चूक घडवणाऱ्या अटी होत्या? आमच्याकडे प्रत्येक कॅल्क्युलेशनच्या पहिल्या पानावर प्रोग्रॅम आणि व्हर्जन लिहायची शिस्त होती, म्हणून यादी दोन दिवसांत निघाली. ती शिस्त नसेल तर दोन महिने लागतील आणि तरीही काहीतरी सुटेल. यादीतल्या प्रत्येक हिशोबापुढे तीनपैकी एक शेरा: लागू नाही, लागू आहे पण मार्जिन पुरतं, पुन्हा करा. 'मार्जिन पुरतं' लिहिलंत तर आकडा लिहा. त्या भिंतीपुढे आम्ही लिहिलं: हवे २१७, उपलब्ध ३२८.

कोड बरोबर, तरी उत्तर चूक

हा प्रकार कळवायला सगळ्यात अवघड. माती आणि इमारत यांचा एकत्रित भूकंप-हिशोब करणारा सासी हा प्रोग्रॅम बर्कलीत तयार झाला. त्यात खोदलेल्या मातीचे सगळे नोड (मॉडेलचे जोडबिंदू) इमारतीशी परस्परक्रियेत धरण्याची एक पद्धत आहे, ती महाग पडते. दुसरी 'सबट्रॅक्शन' पद्धत फक्त खड्ड्याच्या कडेचे नोड धरते. वेळ खूप वाचतो. पण खड्ड्यातली ती वजा केलेली माती आतल्या आत आपल्याच लयीत डोलू लागते आणि वरच्या वारंवारितांना ट्रान्सफर फंक्शनमध्ये, म्हणजे जमिनीचा धक्का इमारतीत किती पटीने पोचतो त्या आलेखात, खोटी शिखरं आणि खोट्या दऱ्या उमटतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या डिफेन्स न्यूक्लिअर फॅसिलिटीज सेफ्टी बोर्डाने याबद्दल ऊर्जा खात्याला पत्र लिहिलं. तोवर ही पद्धत अनेकांनी अनेक वर्षं वापरली होती.

कोडमध्ये एकही ओळ चुकलेली नव्हती. मग कळवायचं का? माझं मत: हो, आणि त्याच दोन वाटांनी. शीर्षक तेवढं बदलायचं: 'अमुक पद्धत अमुक वारंवारितेच्या वर वापरू नये, मॅन्युअलमध्ये ही मर्यादा लिहिलेली नाही.' कंपनी म्हणेल हा दोष नाही. म्हणू द्या. नोंद झाली पाहिजे.

असंच एक शेल घटकांचं. शेल घटक जाडीच्या दिशेचा ताण दाखवतच नाही. वक्र घुमटातल्या प्रिस्ट्रेसिंगच्या केबल ताणल्या की काँक्रीटमध्ये नेमका त्या दिशेला ताण येतो. १९९४ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्राच्या पहिल्या युनिटचा आतला घुमट बांधकामादरम्यान पापुद्रा सुटावा तसा सुटला. तिथे सॉफ्टवेअर चुकलं असं मी म्हणत नाही. पण 'प्रोग्रॅमने लाल रंग दाखवला नाही' आणि 'तिथे ताण नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे नव्या मुलांना सांगायला मी तोच घुमट काढतो.

दुरुस्ती आल्यावर

कंपनीचं उत्तर येतं: 'पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलं आहे.' फाइल इथे बंद करू नका. नवं व्हर्जन म्हणजे नवी वस्तू; तुमच्या सगळ्या पडताळणी-उदाहरणांवर ते पुन्हा चालवायचं, फक्त चुकीच्या जागेवर नाही. एका दुरुस्तीत दुसरं काही बिघडल्याचं मी दोनदा पाहिलंय. जुनं व्हर्जन मशीनवरून काढा, नाहीतर कुणीतरी घाईत तेच उघडतं. नॉन-कन्फर्मन्स बंद करताना तिकीट नंबर, कंपनीचं पत्र, पुन्हा केलेल्या हिशोबांची यादी आणि ग्राहकाची पोच, हे चारही सोबत जोडलेलं हवं.

ती चार घटकांची पट्टी आम्ही पडताळणीच्या संचात कायमची घातली. नवं व्हर्जन आलं की सगळ्यात आधी तीच चालते. हातच्या हिशोबाचा आकडा ४९८ चौरस मिलिमीटर. मागच्या महिन्यात नव्या मुलीने चालवली, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, ५०३ येतंय. पाचचा फरक का?"

बसा म्हटलं, शोधू.